न्यू यॉर्क पोलिसांचे बॉम्बशोधक व नाशक पथक : एका शतकाची वाटचाल

न्यू यॉर्क शहराच्या पोलीस दलातील बॉम्ब पथकाची स्थापना १ ऑगस्ट १९१४ रोजी झाली. त्याच दिवशी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि युरोप पहिल्या महायुद्धात ओढला गेला. पुढे याच युद्धाची झळ न्यू यॉर्कच्या बंदरापर्यंत पोहोचणार होती. अमेरिकेतील सर्वांत जुने बॉम्ब पथक म्हणून आज ते ओळखले जाते. मुंबई-पुण्यात ज्याला आपण बॉम्बशोधक व नाशक पथक म्हणतो, तेच काम हे पथक शंभराहून अधिक वर्षे करत आले आहे. संशयित वस्तू तपासणे, बॉम्ब निकामी करणे, स्फोट झालाच तर ढिगाऱ्यातून पुरावा शोधणे आणि जप्त स्फोटके सुरक्षितपणे नष्ट करणे, ही त्याची चार मुख्य कामे.

या पथकाचा इतिहास वाचताना एक सूत्र सतत जाणवते. माणसाचा हात आणि बॉम्ब यांच्यातले अंतर वाढवत नेणे हीच या संस्थेची शतकभराची धडपड आहे. या अंतराचे काही टप्पे कोणीतरी जिवाने किंवा शरीराने किंमत मोजल्यावर गाठले गेले. आज नियमावलीत एका ओळीत येणाऱ्या सूचनांमागे खरी माणसे आहेत. त्यांची नावे या लेखात यावीत, अशी माझी इच्छा आहे.

पूर्वपीठिका : खंडणीची पत्रे आणि डायनामाइट

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू यॉर्कमध्ये इटलीतून आलेल्या स्थलांतरितांच्या दाट वस्त्या होत्या. दुकानदार, नानवाई, छोटे कारखानदार यांना खंडणीची पत्रे येत. पत्राखाली काळ्या पंजाचे चित्र असे, म्हणून या टोळ्यांना 'ब्लॅक हँड' हे नाव पडले. पैसे दिले नाहीत, तर दुकानाच्या दारात स्फोट होई. शहरात भुयारी रेल्वे आणि मोठमोठ्या इमारतींची कामे चालू होती. त्यासाठी लागणारे डायनामाइट चोरून मिळवणे अवघड नव्हते.

पीडित माणसे पोलिसांशी बोलायला घाबरत आणि बहुतेक पोलिसांना त्यांची भाषा येत नसे. हे ओळखून पोलीस दलाने इटालियन भाषा जाणणाऱ्या अधिकाऱ्यांचे एक छोटे पथक उभारले. त्याचे प्रमुख होते जोसेफ पेट्रोसिनो. इटलीतील पाडुला गावी जन्मलेला हा माणूस लहानपणी न्यू यॉर्कला आला आणि पोलीस दलात स्वतःच्या हिमतीवर वर चढला. गुन्हेगारांची इटलीतील नोंद मिळवण्यासाठी ते सिसिलीला गेले असताना १२ मार्च १९०९ रोजी पालेर्मो शहरात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. पुढच्या बॉम्ब पथकाची पहिली बीजे या इटालियन पथकात होती. बॉम्बचा तपास बॉम्ब करणाऱ्याच्या वस्तीत जाऊन करावा लागतो, हा पहिला धडा तिथेच मिळाला.

कॅप्टन टनी यांचे पथक

४ जुलै १९१४ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी सकाळी, मॅनहॅटनमधील लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीचे वरचे मजले स्फोटात उडाले. घरात तयार होत असलेला बॉम्ब अवेळी फुटला होता. चार जण ठार झाले. त्यांपैकी तिघे अराज्यवादी चळवळीतले होते आणि बॉम्बचा रोख उद्योगपती रॉकफेलर यांच्यावर होता, असे तपासात पुढे आले. त्यानंतर महिन्याभराच्या आत पोलीस आयुक्त आर्थर वुड्स यांनी स्वतंत्र बॉम्ब पथक स्थापन केले आणि कॅप्टन थॉमस टनी यांना त्याचे प्रमुख नेमले.

टनींचे पथक मुख्यतः हेरगिरीवर चाले. २ मार्च १९१५ रोजी सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये बॉम्ब ठेवायला आलेला तरुण वात पेटवतो न पेटवतो तोच पकडला गेला. प्रार्थनेला आलेल्या भाविकांमध्ये वेषांतर केलेले पोलीस बसले होते. काही जण फरशी पुसणाऱ्या बायकांच्या वेषात होते. एका अधिकाऱ्याने पेटती वात हातानेच विझवली. हा कट रचणाऱ्यांमध्ये पथकाचा एक तरुण डिटेक्टिव्ह, अमेदेओ पोलिन्यानी, काही महिने मिसळून राहिला होता. त्यानेच या तरुणांना चिथावले, असा बचाव पक्षाने न्यायालयात आरोप केला. कट उघड करणे आणि कटाला खतपाणी घालणे यांतली सीमा कुठे, हा प्रश्न पथकाच्या पहिल्याच वर्षी उभा राहिला. संस्थेचा इतिहास सांगताना तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

मग महायुद्ध न्यू यॉर्कच्या धक्क्यावर आले. इंग्लंड-फ्रान्सला माल घेऊन जाणाऱ्या जहाजांवर भर समुद्रात आगी लागू लागल्या. जर्मन हस्तकांनी सिगारच्या आकाराचे छोटे आग लावणारे बॉम्ब तयार केले होते. ते मालात लपवले जात. १९१५ च्या शरद ऋतूत रॉबर्ट फे या जर्मन हस्तकाला न्यू जर्सीत पकडण्यात आले. जहाजांच्या सुकाणूला लावण्याचे बॉम्ब तो बनवत होता. अमेरिका युद्धात उतरल्यावर टनी आणि त्यांची काही माणसे लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात गेली.

गदर चळवळीशी आलेला संबंध

या पथकाचा आपल्या इतिहासाशीही धागा जुळतो. जर्मनीच्या मदतीने हिंदुस्थानात उठाव घडवण्याचा गदर चळवळीचा प्रयत्न अमेरिकेच्या किनाऱ्यांवरून चालला होता. मार्च १९१७ मध्ये टनी यांच्या माणसांनी न्यू यॉर्कमध्ये चंद्रकांत चक्रवर्ती यांना अटक केली. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथे चाललेल्या गाजलेल्या हिंदू-जर्मन खटल्यातील ते एक प्रमुख आरोपी होते.

याच चळवळीतला आपला माणूस म्हणजे पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे. अमेरिकेत अभियांत्रिकी शिकायला गेलेले पिंगळे गदर पक्षात सामील झाले आणि १९१४ च्या अखेरीस मायदेशी परतले. मार्च १९१५ मध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत ते बॉम्बसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत त्यांना फाशी देण्यात आले. ज्यांना आपण हुतात्मा म्हणून वंदन करतो, त्यांचे सहकारी न्यू यॉर्कच्या बॉम्ब पथकाच्या दप्तरात कटवाले म्हणून नोंदले गेले. आजचे पथक राजकीय पाळत ठेवणारे राहिलेले नाही. वस्तू, जागा आणि माणसांचा जीव यांच्याशीच त्याचे मुख्य काम निगडित आहे, आणि हा बदल चांगला झाला, असे मला मनापासून वाटते.

वॉल स्ट्रीट, १६ सप्टेंबर १९२०

दुपारचे बारा वाजून एक मिनिट झाले होते. जे. पी. मॉर्गन यांच्या पेढीसमोर उभ्या असलेल्या घोडागाडीत डायनामाइटचा स्फोट झाला. गाडीत खिडक्यांची लोखंडी वजने भरलेली होती आणि ती जेवणाच्या सुटीत बाहेर पडलेल्या कारकून, निरोप्ये, टंकलेखिका यांच्या अंगात घुसली. अडतीस माणसे मेली, शेकडो जखमी झाली. पेढीच्या दगडी भिंतीवरचे खड्डे आजही दिसतात.

हा गुन्हा कधीच सिद्ध झाला नाही. दुसऱ्या दिवशी बाजार उघडायलाच हवा, या आग्रहापायी त्या रात्रीच रस्ता झाडून, धुऊन काढण्यात आला. घोड्याच्या नालांवरून तपास लोहारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. ढिगारा हा पुरावा असतो, तो झाडायचा नसतो तर चाळायचा असतो, हा धडा पथकाने वॉल स्ट्रीटवर घेतला. त्याचे फळ मिळायला त्र्याहत्तर वर्षे लागली. त्याविषयी पुढे सांगतो.

लिंच आणि सोचा

४ जुलै १९४०. क्वीन्समधील फ्लशिंग मेडोज येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. सुटीचा दिवस, अफाट गर्दी. ब्रिटन युद्धात उतरलेले असल्यामुळे त्याच्या दालनाला धमक्या येत होत्या. दालनाच्या वायुवीजन यंत्राच्या खोलीत एका कामगाराला बेवारस बॅग दिसली. तिच्यातून टिकटिक ऐकू येत होती. बॅग उचलून गर्दीपासून दूर, पोलंडच्या दालनामागच्या मोकळ्या जागेत नेण्यात आली.

बॉम्ब पथकाचे डिटेक्टिव्ह जोसेफ लिंच आणि फर्डिनांड सोचा तिथे पोहोचले. अंगावर साधे कपडे, हातात साधी हत्यारे. त्या काळी दुसरे काही नव्हतेच. आत काय आहे ते पाहण्यासाठी त्यांनी बॅगेला छोटे छिद्र पाडले. काही क्षणांत स्फोट झाला. दोघेही ठार झाले आणि आसपासचे इतर पोलीस जखमी झाले. बॉम्ब ठेवणाऱ्याचा शोध आजवर लागलेला नाही. फ्लशिंग मेडोजमध्ये, क्वीन्स म्युझियमजवळ त्यांचा स्मृतिफलक आहे.

या घटनेनंतर काम करण्याची पद्धतच बदलली. पथकाचे प्रमुख लेफ्टनंट जेम्स पाइक यांनी जाड पोलादी दोरखंड विणून एक भलीमोठी टोपली तयार करवून घेतली आणि ती मालमोटारीवर बसवली. महापौर फिओरेलो ला गार्डिया यांच्या नावासह ती 'पाइक-ला गार्डिया वाहक' म्हणून ओळखली जाऊ लागली. बॉम्ब या टोपलीत ठेवून वस्तीबाहेर न्यायचा. वाटेत फुटला तर वायूचा दाब दोरखंडांच्या फटींतून बाहेर पडेल आणि तुकडे मात्र विणीत अडकतील, ही त्यामागची कल्पना. बॉम्ब जिथे सापडला तिथेच उघडायचा नाही, हा नियम त्या टोपलीबरोबर रुजला. अंतराच्या दिशेने टाकलेले ते पहिले मोठे पाऊल होते.

सोळा वर्षांचा पाठलाग

त्याच १९४० सालच्या नोव्हेंबरात कॉन्सॉलिडेटेड एडिसन या वीज कंपनीच्या इमारतीत एक न फुटलेला बॉम्ब सापडला. सोबत कंपनीला शिव्या घालणारी चिठ्ठी होती. युद्ध चालू असेपर्यंत आपण बॉम्ब ठेवणार नाही, असे पत्र त्या माणसाने पाठवले आणि ते पाळलेही. १९५१ पासून मात्र त्याने चित्रपटगृहांच्या खुर्च्या, टेलिफोनच्या खोल्या, ग्रँड सेंट्रल आणि पेन स्टेशन, सार्वजनिक ग्रंथालय अशा ठिकाणी बॉम्ब पेरायला सुरुवात केली. पत्राखाली 'एफ. पी.' अशी सही असे. एकूण तेहतीस बॉम्ब, त्यांतले बावीस फुटले, पंधरा माणसे जखमी झाली. सुदैवाने कोणी मेले नाही.

पोलिसांनी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेम्स ब्रसेल यांचा सल्ला घेतला. पत्रे, बॉम्बची बनावट आणि जागा यांवरून त्यांनी माणसाचे वर्णन केले. गुन्हेगाराचे मानसचित्र रेखाटण्याच्या पद्धतीचा हा आरंभीचा गाजलेला प्रयोग. तरी खरा दुवा मिळाला तो कंपनीच्या जुन्या फायलींत. तिथल्या एका महिला कर्मचाऱ्याला १९३१ साली कामावर जखमी झालेल्या आणि भरपाई नाकारल्या गेलेल्या कामगाराची फाइल सापडली. त्यातली भाषा पत्रांशी जुळली. जानेवारी १९५७ मध्ये कनेटिकटमधील वॉटरबरी येथून जॉर्ज मेटेस्की याला अटक झाली.

त्या वर्षांत पथकाचे डिटेक्टिव्ह अंधाऱ्या चित्रपटगृहांत खुर्च्या चाचपत, बॉम्ब पोलादी टोपलीत ठेवत आणि प्रत्येक बॉम्बच्या सुट्या भागांची नोंद करत. एकाच माणसाचे हात किती बॉम्बमागे आहेत, हे या नोंदींतून सिद्ध झाले. बॉम्ब निकामी करताना तो शक्यतो अखंड राहावा, कारण त्याच्या जोडणीतच करणाऱ्याची ओळख असते, ही जाणीव या तपासात पक्की झाली.

ब्रँडी नावाची कुत्री

सत्तरचे दशक न्यू यॉर्कसाठी बॉम्बचे दशक ठरले. मार्च १९७० मध्ये ग्रीनविच व्हिलेजमधील एका घरात बॉम्ब बनवताना वेदर अंडरग्राउंड या जहाल डाव्या संघटनेचे तिघे जण मेले. जूनमध्ये त्याच संघटनेने पोलीस मुख्यालयातच स्फोट घडवला. प्वेर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी हत्यार उचललेल्या एफएएलएन या संघटनेने जानेवारी १९७५ मध्ये फ्रॉन्सेस टॅव्हर्न या जुन्या उपाहारगृहात स्फोट केला, त्यात चौघे मेले. वर्षअखेरीस ला गार्डिया विमानतळावर अकरा जण मेले. तो तपास आजही अपुरा आहे.

याच काळात पथकाला एक नवा साथीदार मिळाला. ७ मार्च १९७२ रोजी टीडब्ल्यूए या विमान कंपनीला वीस लाख डॉलरच्या खंडणीचा फोन आला. लॉस एंजेलिसकडे निघालेले विमान परत बोलावून केनेडी विमानतळावर उतरवले गेले. प्रवासी उतरल्यावर स्फोटके हुंगण्याचे शिक्षण घेतलेली ब्रँडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री आत सोडली. वैमानिकांच्या कक्षात कर्मचाऱ्यांची म्हणून खूण केलेल्या एका बॅगेपाशी ती थांबली. बॉम्ब पथकाचे डिटेक्टिव्ह विल्यम श्मिट यांनी बॅग विमानाबाहेर नेली आणि बॉम्ब निकामी केला. फुटायला अवघी काही मिनिटे उरली होती. दुसऱ्या दिवशी लास व्हेगासमध्ये याच कंपनीचे रिकामे उभे असलेले विमान स्फोटात उद्ध्वस्त झाले. त्याच वर्षी अमेरिकेने विमानतळांसाठी स्फोटकशोधक श्वानांची देशव्यापी योजना हाती घेतली.

मुंबईकरांना यावरून झंजीरची आठवण होईल. १९९३ च्या साखळी स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले, अशी नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला, तेव्हा त्याला पोलीस इतमामाने निरोप देण्यात आला. कुत्रा बॉम्बला हात लावत नाही, फक्त जागा दाखवतो. माणसाने जिथे हजार वस्तू उघडून पाहिल्या असत्या, तिथे एकच उघडावी लागते. अंतर राखण्याचा हाही एक मार्ग.

ब्रायन मरे

१० सप्टेंबर १९७६ रोजी क्रोएशियाच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या गटाने ला गार्डियाहून निघालेले टीडब्ल्यूएचे विमान पळवले. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या लॉकरमध्ये खरा बॉम्ब ठेवला आहे, असे त्यांनी कळवले. पथकाने तो बॉम्ब सुखरूप बाहेर काढला आणि ब्राँक्समधील रॉडमन्स नेक येथे, पोलिसांच्या गोळीबार सरावाच्या मैदानावर नेला. गर्दीपासून दूर न्यायचे, हा १९४० चा धडा तंतोतंत पाळला गेला होता.

खड्ड्यात बॉम्ब ठेवून तो दुरूनच निकामी करण्याचा प्रयत्न झाला. बॉम्ब फुटला नाही. काही वेळ थांबून अधिकारी जवळ गेले आणि स्फोट झाला. ११ सप्टेंबरची ती रात्र. सत्तावीस वर्षांचे अधिकारी ब्रायन मरे मृत्युमुखी पडले. सार्जंट टेरेन्स मॅकटीग गंभीर जखमी झाले, आणखी दोघे जखमी झाले. शहरातला एकही नागरिक दगावला नाही. ब्रायन यांच्या पत्नी कॅथलीन मरे यांनी पुढे कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसांच्या कुटुंबीयांसाठी काम केले.

बॉम्ब दूर नेला म्हणजे धोका संपत नाही. खरा प्रश्न त्याच्याजवळ पुन्हा कधी जायचे आणि कोणी जायचे, हा असतो. त्याच दशकात, १९७२ साली, ब्रिटिश लष्कराने उत्तर आयर्लंडमध्ये 'व्हीलबॅरो' हा दूरनियंत्रित यंत्रमानव कामाला लावला होता. माणसाऐवजी यंत्राला पुढे पाठवण्याची कल्पना जगभरच्या पथकांनी पुढील वर्षांत उचलली.

३१ डिसेंबर १९८२

नववर्षाच्या आदल्या रात्री एफएएलएनने मॅनहॅटन आणि ब्रुकलिनमधील सरकारी इमारतींपाशी बॉम्ब ठेवले. पोलीस मुख्यालयापाशी झालेल्या स्फोटात अधिकारी रॉको पास्कारेला यांचा पाय गेला. जवळच सेंट अँड्र्यूज प्लाझा येथे दोन बॉम्ब सापडले. डिटेक्टिव्ह रिचर्ड पास्टोरेला आणि अँथनी सेंफ्ट ते हाताळत असताना त्यांपैकी एक फुटला. पास्टोरेला यांची दृष्टी गेली, उजव्या हाताची बोटे गेली, श्रवणशक्ती अधू झाली. सेंफ्ट यांनी एक डोळा गमावला.

पास्टोरेला यांनी पुढच्याच वर्षी जखमी पोलिसांसाठी स्वयंसहायता गट सुरू केला. कर्तव्यावर जायबंदी झालेल्या अधिकाऱ्याला रुग्णालयात भेटणे, त्याच्या घरच्यांशी बोलणे, नैराश्यातून त्याला बाहेर काढणे, हे त्या गटाचे काम. बॉम्ब पथकाने शहराला दिलेल्या देणग्यांमध्ये मी या गटाला फार वरचे स्थान देतो. मरण पावलेल्यांची नावे भिंतीवर कोरली जातात. जे जगले पण पूर्वीसारखे जगू शकले नाहीत, त्यांच्याकडे पाहणारे कोणीतरी लागते.

१९९३ : दोन शहरे

२६ फेब्रुवारी १९९३ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरातील वाहनतळावर भाड्याच्या व्हॅनमध्ये ठेवलेला प्रचंड बॉम्ब फुटला. सहा जण मेले, हजारावर जखमी झाले. स्फोटाने अनेक मजले फोडून मोठे विवर तयार झाले होते. वरचे काँक्रीट लोंबत होते. अशा ढिगाऱ्यात उतरून बॉम्ब पथकाचे डिटेक्टिव्ह डोनाल्ड सॅडोवी आणि केंद्रीय यंत्रणेचे जोसेफ हॅन्लिन यांनी गाडीच्या सांगाड्याचा एक वाकलेला तुकडा उचलला. त्यावर वाहनाचा ओळख क्रमांक होता. क्रमांकावरून भाड्याने गाड्या देणारे जर्सी सिटीतील दुकान सापडले आणि गाडीची अनामत परत मागायला आलेला माणूस ४ मार्चला पकडला गेला. १९२० साली धुऊन टाकलेल्या रस्त्याचे हे उत्तर होते.

त्या अटकेनंतर बरोबर आठ दिवसांनी, १२ मार्चला, मुंबईत साखळी स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. मुंबईच्या तपासालाही पहिली दिशा मिळाली ती एका वाहनामुळेच. वरळीत बेवारस सोडलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोहोचले. नायगाव क्रॉस रोडवर स्फोटकांनी भरलेली न फुटलेली स्कूटर सापडली, ती निकामी केली गेली. दोन महानगरांतील पोलीस एकमेकांना न ओळखता एकाच महिन्यात एकाच रीतीने काम करत होते.

आठ वर्षांनी, ११ सप्टेंबर २००१ रोजी, त्याच वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या परिसरात लोकांना बाहेर काढताना बॉम्ब पथकाचे डिटेक्टिव्ह क्लॉड डॅनियल रिचर्ड्स यांनी प्राण गमावले. ब्रायन मरे यांच्या मृत्यूला त्या दिवशी पंचवीस वर्षे पूर्ण होत होती.

आजची रचना आणि कर्तव्ये

पथकाचे कार्यालय ग्रीनविच व्हिलेजमधील सहाव्या पोलीस ठाण्याच्या इमारतीत आहे. पथकात येणाऱ्या प्रत्येकाला अलाबामातील हंट्सव्हिल येथे, रेडस्टोन आर्सेनलमध्ये १९७१ पासून चालणाऱ्या शाळेत प्रशिक्षण घ्यावे लागते. एफबीआय ही शाळा चालवते. अमेरिकेतील प्रत्येक नागरी बॉम्बतंत्रज्ञ तिथूनच प्रमाणपत्र घेतो आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा देतो.

रोजचे काम बातम्यांत येत नाही. बेवारस बॅगा, संशयित पाकिटे, माळ्यावर सापडलेले आजोबांच्या काळातले युद्धातील हातबॉम्ब, जप्त केलेले बेकायदा फटाके. सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला जगभरचे राष्ट्रप्रमुख येतात, तेव्हा हॉटेले, सभागृहे, मार्ग यांची तपासणी. थँक्सगिव्हिंगची मिरवणूक आणि टाइम्स स्क्वेअरमधील नववर्षाची रात्र म्हणजे कुत्र्यांसह पायी घातलेली गस्त. गणेशोत्सवात लालबाग-परळला तैनात असणाऱ्या आपल्या पथकाचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातले काहीच परके वाटणार नाही.

संशयित वस्तू मिळाल्यावरचा क्रम ठरलेला असतो. आधी लोकांना दूर हलवायचे. मग कुत्रा किंवा यंत्रमानव. यंत्रमानवावरच्या कॅमेऱ्याने पाहायचे, क्ष-किरण चित्र घ्यायचे. बॉम्ब असल्याची खात्री पटली, तर वेगाने सोडलेल्या पाण्याच्या झोताने त्याची जोडणी तोडायची किंवा तो पोलादी गोलाकार बंद पात्रात ठेवून रॉडमन्स नेकला न्यायचा. हे पात्र म्हणजे पाइक यांच्या टोपलीचाच वारसा आहे. आत स्फोट झाला तरी बाहेर काही येऊ नये, अशी त्याची रचना असते. यंत्र जिथे पोहोचू शकत नाही, तिथेच माणूस जातो. त्याच्या अंगावर पस्तीस-चाळीस किलोंचा बॉम्ब सूट असतो. तो घालून वाकणेही कठीण जाते.

यंत्रांचा जमाना आला तरी हात पूर्णपणे सुटलेला नाही. ३१ जुलै १९९७ रोजी ब्रुकलिनमधील पार्क स्लोप येथे एका घरावर छापा पडला. भुयारी रेल्वेत वापरण्यासाठी तिथे पाइप बॉम्ब तयार ठेवले होते. झटापटीत एका संशयिताने स्विचकडे हात नेल्याचे पोलिसांनी सांगितले. अरुंद घरात, थांबायला वेळ नसताना, पथकाच्या माणसांनी ते बॉम्ब जागेवरच निकामी केले.

१ मे २०१० च्या संध्याकाळी टाइम्स स्क्वेअरमध्ये उभ्या असलेल्या निसान गाडीतून धूर येताना पदपथावरच्या विक्रेत्यांनी पाहिला आणि पोलिसांना सांगितले. परिसर रिकामा करून पथकाने यंत्रमानवाच्या मदतीने गाडी उघडली. आत गॅसच्या टाक्या, पेट्रोल, फटाके आणि खत होते. गाडी अखंड राहिली म्हणून इंजिनवरचा क्रमांक वाचता आला आणि दोन दिवसांत आरोपी केनेडी विमानतळावर विमानात बसलेला असताना पकडला गेला. १७ सप्टेंबर २०१६ रोजी चेल्सी भागात तेविसाव्या रस्त्यावर स्फोट होऊन तीसहून अधिक जण जखमी झाले. काही तासांत सत्ताविसाव्या रस्त्यावर प्रेशर कुकरचा दुसरा बॉम्ब सापडला. यंत्रमानवाने तो उचलून बंद पात्रात ठेवला आणि पथकाने तो रॉडमन्स नेकला नेऊन निकामी केला. त्यावरच्या ठशांनी आरोपीची ओळख पटली. माणसाचा जीवही वाचला आणि पुरावाही वाचला. शंभर वर्षांच्या शिकवणीचे सार या एका रात्रीत होते.

ऋण

जोसेफ लिंच, फर्डिनांड सोचा, ब्रायन मरे, क्लॉड डॅनियल रिचर्ड्स. मॅकटीग, पास्टोरेला, सेंफ्ट. आरंभीच्या काळातले पेट्रोसिनो. या पथकाची आजची शिस्त या माणसांनी घडवली. पोलादी टोपली लिंच-सोचांच्या मृत्यूनंतर आली. अंतराचे प्रत्येक साधन या पथकाला वेळेत मिळालेच असे नाही.

म्हणूनच हा इतिहास इतर शहरांनी वाचायला हवा. बॉम्ब पथकाला यंत्रमानव, बंद पात्र, चांगला सूट, सरावासाठी स्वतंत्र मैदान आणि प्रशिक्षणासाठी वेळ हवा असतो. अंदाजपत्रकात या गोष्टी महाग दिसतात आणि पुष्कळदा पुढच्या वर्षावर ढकलल्या जातात. न्यू यॉर्कने त्यांची किंमत माणसांत मोजली आहे. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि आपल्या प्रत्येक मोठ्या शहराच्या पथकाला ही साधने एखादा अधिकारी गमावण्याआधी मिळाली पाहिजेत. लिंच आणि सोचांच्या स्मृतीला तेच खरे अभिवादन होईल.